चित्रमय जगाचा शिल्पकार : कोमेनियस

माझी मावशी आमच्या गावी बालवाडी चालवते. गेल्या दिवाळीच्या सुट्टीनंतर काही दिवस मी तिच्या मदतीला जात असे. भिंतीवर अंकलिपीतला तक्ता टांगलेला. त्यातल्या ‘क’वर छडी ठेवून मावशीने विचारले की सगळा वर्ग एका सुरात ओरडे, ‘कमळ!’ मग तिने कमळाचे चित्र तळहाताने झाकले आणि उघड्या ‘क’कडे बोट केले. वर्ग गप्प. एक चुणचुणीत मुलगी तेवढी म्हणाली, ताई, हात काढा ना, दिसत नाही. चित्र पाहून मूल अक्षर शिकते असे आपण म्हणतो खरे. पण चित्रापासून अक्षरापर्यंतची वाट दिसते तितकी सरळ नाही, हे त्या दिवशी मला प्रथम कळले. या वाटेवर पहिल्यांदा विचारपूर्वक पाऊल टाकणाऱ्या माणसाची ओळख मग मला शिक्षणशास्त्राच्या एका जुन्या पुस्तकात झाली. तिथे त्याच्यावर अवघा एक परिच्छेद होता. परीक्षेपुरता तो पुरेसाही असेल. पण ज्याच्या घरावर, देशावर, मुलाबाळांवर एकामागून एक आघात झाले, त्या माणसाने अखेर मुलांसाठी चित्रांचे पुस्तक का लिहिले असेल, हा प्रश्न त्या परिच्छेदाने सुटत नव्हता.

यान आमोस कोमेन्स्की हे त्याचे खरे नाव. लॅटिनमध्ये लिहिताना तो कोमेनियस झाला आणि जगाला त्याच नावाने माहीत आहे. त्याचा जन्म २८ मार्च १५९२ रोजी मोराव्हियात झाला. आजच्या चेक प्रजासत्ताकाचा तो पूर्वेकडचा भाग. यान हुस या सुधारकाच्या परंपरेतून निघालेला ‘बंधुसंघ’ नावाचा एक लहानसा ख्रिस्ती पंथ तिथे होता. साधी राहणी, कडक आचार आणि मातृभाषेतून धर्मग्रंथ वाचता यावा म्हणून साक्षरतेचा आग्रह, ही त्या पंथाची ओळख. कोमेनियसचे घर याच पंथातले. तो जेमतेम बारा वर्षांचा असताना आईवडील दोघेही गेले. मग आत्याच्या घरी राहणे आले, आणि लवकरच त्या गावावरही लढाईची धाड पडली. शिक्षण असे तुटत तुटत झाले. लॅटिन शाळेत त्याचे नाव पडले तेव्हा तो सोळा वर्षांचा होता. मांडीला मांडी लावून बसलेली मुले त्याच्याहून कितीतरी लहान होती.

हा उशीर त्याच्या पथ्यावर पडला असे मला वाटते. लहान वयात जे सोसले ते मोठेपणी माणूस विसरतो. सोळाव्या वर्षी सोसलेले विसरत नाही. त्या काळी लॅटिन शिकवायचे म्हणजे लॅटिनचे व्याकरण, तेही लॅटिनमध्येच लिहिलेले, मुलाकडून घोकून घ्यायचे. भाषा येत नाही म्हणून पुस्तक कळत नाही, आणि पुस्तक कळत नाही म्हणून भाषा येत नाही. मधल्या मध्ये छडी मात्र सर्वांना कळणारी. शब्द पाठ होत, पण तो शब्द ज्या वस्तूचा आहे ती वस्तू मुलाने कधी पाहिलेलीच नसे. या दुखण्याचे निदान कोमेनियसने विद्यार्थी असतानाच करून ठेवले होते.

पुढे जर्मनीत हेरबोर्न आणि हायडेलबर्ग येथे त्याचे उच्च शिक्षण झाले. हायडेलबर्गला असताना, १६१४ च्या जानेवारीत, त्याने एक जुने हस्तलिखित विकत घेतले. ते होते खुद्द कोपर्निकसच्या हातचे, पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे सांगणाऱ्या ग्रंथाचे मूळ हस्तलिखित! गंमत अशी की असा ठेवा हाती येऊनही कोमेनियसला ते मत शेवटपर्यंत पटले नाही. चव्वेचाळीस वर्षांनी त्याने मुलांसाठी जे पुस्तक काढले त्यात आकाशच पृथ्वीभोवती फिरते. थोर माणसे सगळ्याच बाबतींत काळाच्या पुढे असतात असे नाही.

मायदेशी परतल्यावर तो शिक्षक झाला, १६१६ साली धर्मोपदेशक झाला, लग्न झाले, आणि १६१८ पासून फुल्नेक या गावी चर्च आणि शाळा अशी दोन्ही कामे तो पाहू लागला. त्याच्या आयुष्यातला स्वस्थतेचा काळ हाच, आणि तो तीनच वर्षांचा. १६१८ सालीच युरोपात तीस वर्षांचे युद्ध पेटले. ८ नोव्हेंबर १६२० रोजी प्रागजवळच्या श्वेतगिरीच्या लढाईत बोहेमियाच्या प्रॉटेस्टंट सरदारांचा पाडाव झाला आणि बंधुसंघाच्या उपदेशकांची धरपकड सुरू झाली. कोमेनियसला घर सोडून लपावे लागले. १६२२ साली प्लेगच्या साथीत त्याची तरुण पत्नी आणि दोन्ही लहान मुले दगावली. धाकट्याचे तर बापाने तोंडही पाहिले नव्हते. पुढच्या वर्षी फुल्नेकच्या चौकात त्याची पुस्तके जाळण्यात आली.

एका सरदाराच्या जहागिरीत लपून राहून त्याने त्या दिवसांत चेक भाषेत ‘जगाचा चक्रव्यूह आणि हृदयाचे नंदनवन’ हा ग्रंथ लिहिला. चेक गद्यातली ती अमर कृती मानली जाते. तिच्याविषयी लिहायचे तर वेगळा लेख हवा. पुढे त्याने दुसरे लग्न केले. आणि १६२८ च्या फेब्रुवारीत, बर्फाने भरलेल्या डोंगरातून सीमा ओलांडून तो आपल्या माणसांसह पोलंडमधल्या लेश्नो गावी निर्वासित म्हणून आला. वय पस्तीस. यानंतर तो बेचाळीस वर्षे जगला. मायदेशी मात्र त्याला पुन्हा कधी राहता आले नाही.

निर्वासितांच्या वस्तीत माणूस सहसा दोन गोष्टींचा विचार करतो. उद्याच्या भाकरीचा आणि परत जाण्याचा. कोमेनियस तिसऱ्या एका गोष्टीचा विचार करीत होता. आपण परत जाऊ तेव्हा देश ओसाड झालेला असेल, शाळा बंद पडलेल्या असतील. त्या नव्याने कशा उभारायच्या? लेश्नोच्या शाळेत शिकवता शिकवता त्याने याचा सगळा आराखडा तयार केला. पुढे ‘महान अध्यापनशास्त्र’ म्हणून गाजलेला ग्रंथ तो हाच. मुलगा असो की मुलगी, श्रीमंताचे मूल असो की गरिबाचे, सर्वांना सर्व काही शिकवावे. आरंभ मातृभाषेतून करावा. आधी वस्तू इंद्रियांपुढे ठेवावी आणि मग तिचा शब्द द्यावा. आज ही वाक्ये कोणत्याही अध्यापक विद्यालयाच्या भिंतीवर सापडतील. १६३० च्या सुमारास ती लिहिणे ही निराळी गोष्ट होती.

या आराखड्यातली पहिली पायरी म्हणजे जन्मापासून सहा वर्षांपर्यंतची ‘मातृशाळा’. ही शाळा इमारतीत भरत नाही, आईच्या मांडीवर भरते. फ्रेबेलने आपल्या ‘बालोद्याना’ला, म्हणजे किंडरगार्टनला, ते नाव १८४० साली दिले; त्याच्या दोनशे वर्षे आधी कोमेनियसने त्या वयासाठी एक स्वतंत्र पुस्तिका लिहून ठेवली होती. १६३३ साली ती जर्मनमध्ये छापली गेली. ती लिहीत होता तेव्हा त्याच्या घरात लहान मुलींचे रडणे-हसणे होते, आणि मागे दोन मुले गमावल्याची आठवण होती. त्या पुस्तिकेत तो आईबापांना सांगतो की मुलाला रंग दाखवा, उजेड-अंधार दाखवा, बागेतली झाडे, अंगणातली जनावरे दाखवा आणि त्यांची नावे सांगा. चारपाच वर्षांच्या मुलाच्या हाती खडू नाही तर कोळसा द्या. त्याला ठिपके, रेघा, वर्तुळे काढू द्या. हात वळला की पुढे अक्षर सोपे जाईल. आपल्या बालवाडीत पाटीवर रेघोट्या ओढून घेतात त्यामागचा विचार याहून काय वेगळा आहे? आणि या वयासाठी चित्रांचे एक पुस्तक असावे, हेही त्याने तेव्हाच लिहून ठेवले. ते प्रत्यक्षात यायला मात्र पाव शतक जावे लागले.

दरम्यान त्याचे नाव युरोपभर झाले ते दुसऱ्याच पुस्तकामुळे. १६३१ साली त्याने ‘भाषांचे उघडलेले दार’ हे लॅटिनचे पाठ्यपुस्तक काढले. हजार वाक्ये, सुमारे आठ हजार शब्द, आणि प्रत्येक वाक्य जगातल्या कुठल्या तरी खऱ्या गोष्टीविषयी. एका बाजूला लॅटिन, दुसऱ्या बाजूला मुलाची स्वतःची भाषा. युरोपातल्या बहुतेक प्रमुख भाषांत त्याची रूपांतरे झाली. मग बोलावणी येऊ लागली. १६४१ साली तो लंडनला गेला. तिथे ज्ञानविज्ञानाची एक मोठी संस्था उभी करण्याचा बेत होता, पण राजा आणि पार्लमेंट यांच्यातच जुंपली आणि बेत बारगळला. फ्रान्सहून रिशल्यूचे निमंत्रण आले, ते त्याने नाकारले. वाटेत हॉलंडमध्ये देकार्तची चार तास गाठ पडली. एकमेकांविषयी आदर आणि मतभेद दोन्ही कायम ठेवून दोघे उठले. स्वीडनने त्याला पाठ्यपुस्तके लिहिण्याचे काम दिले. ते त्याने एल्बिंगला बसून सहा वर्षे केले, बरेचसे नाइलाजाने. स्वीडन युद्ध जिंकील आणि तहात आपल्या लोकांना मायदेशी परतण्याची सोय करून देईल, ही त्यामागची आशा. १६४८ साली वेस्टफालियाचा तह झाला. त्यात बंधुसंघासाठी एक ओळसुद्धा नव्हती. त्याच वर्षी त्याची दुसरी पत्नी वारली, आणि त्याच वर्षी बंधुसंघाने त्याला प्रमुख बिशप केले. ज्या समाजाला आता देशच उरला नव्हता अशा समाजाचा बिशप!

चित्रांच्या पुस्तकाचा जन्म यानंतरचा आहे. १६५० साली हंगेरीतल्या शारोशपाताक येथील राकोत्सी घराण्याने त्याला शाळा सुधारण्यासाठी बोलावले. सात इयत्तांची आदर्श शाळा काढायची असे त्याच्या मनात होते. प्रत्यक्षात तीनच इयत्ता निघाल्या. मुले सुस्त, शिक्षक नाराज. तिथे त्याने पाठांचे संवाद करून मुलांकडून चक्क नाटके बसवून घेतली, तेव्हा कुठे शाळेत जीव आला. आणि तिथेच त्याने आपल्या ‘दारा’चे मजकूर आणखी सोपे करून, प्रत्येक पाठाच्या माथ्यावर एक चित्र अशी योजना केली. पण त्या मुलखात चित्रांचे ठसे कोरणारा कारागीर मिळेना. शेवटी हस्तलिखित जर्मनीत न्यूरेंबर्गला मिखाएल एंडटर या प्रकाशकाकडे धाडण्यात आले आणि १६५८ साली, लॅटिन आणि जर्मन अशा दोन भाषांत, ते पुस्तक बाहेर पडले. त्याचे नाव ‘ऑर्बिस सेन्सुआलियम पिक्टस’, म्हणजे ‘इंद्रियगोचर जगाचे चित्र’.

या पुस्तकाची रचना समजून घेण्यासारखी आहे. एकूण दीडशे पाठ. प्रत्येक पाठावर लाकडी ठशाचे एक चित्र. चित्रातल्या वस्तूंवर बारीक आकडे घातलेले, आणि खालच्या मजकुरात त्या त्या वस्तूच्या नावापाशी तोच आकडा. रोटीवाल्याचा पाठ घ्या : पीठ चाळणारा, कणीक मळणारा, भट्टीत पाव सारणारा असे सगळे एकाच चित्रात. मुलाने चित्रातल्या चाळणीवर बोट ठेवावे, आकडा पाहावा, खाली तोच आकडा शोधावा. तिथे चाळणी हा शब्द त्याच्या भाषेत आणि शेजारी लॅटिनमध्ये. शिक्षक नसला तरी चालेल. चित्र आणि शब्द यांना जोडणारा आकड्याचा हा धागा ही खरी युक्ती. नुसते चित्र छापणे निराळे आणि चित्र वाचायला लावणे निराळे.

पाठांत काय नाही? आग, वारा, पाणी, ढग, धातू, झाडे, पशुपक्षी, माणसाच्या वयाच्या सात अवस्था, विणकर, शिंपी, चांभार, सुतार, लोहार, न्हावी, छापखाना, शाळा, मुलांचे खेळ, लग्न, अंत्ययात्रा. गुन्हेगारांना होणाऱ्या शिक्षांचासुद्धा एक पाठ आहे आणि त्याचे चित्र आज आपण लहान मुलाला दाखवणार नाही. पण त्या काळच्या मुलाने तो प्रकार गावाच्या वेशीवर पाहिलेलाच असे. जग जसे आहे तसे दाखवायचे हा लेखकाचा बाणा. आत्मा कसा दाखवायचा हा प्रश्न आला तेव्हा त्याने माणसाची आकृती नुसत्या ठिपक्यांनी काढून घेतली. मला हे चित्र फार आवडते. जे दिसत नाही ते दिसत नाही अशा रीतीने दाखवले आहे.

आता मावशीच्या तक्त्याकडे वळतो. पुस्तकाच्या आरंभी कोमेनियसने मुळाक्षरांची पाने दिली आहेत. पण तिथे अक्षराशेजारी त्या अक्षराने सुरू होणाऱ्या वस्तूचे चित्र नाही. तिथे आवाज करणारा प्राणी आहे. ‘ए’पाशी कावळा, तो आऽ आऽ ओरडतो. ‘बी’पाशी मेंढी, ती बेंऽ बेंऽ करते. ‘ई’पाशी रडणारे तान्हे मूल, ‘एफ’पाशी फीऽ फीऽ वाहणारा वारा, ‘जी’पाशी गा गा करणारे बदकाच्या जातीचे हंस, ‘एल’पाशी लांडगा, ‘एम’पाशी अस्वल, ‘एस’पाशी फुसकारणारा साप. मुलाने चित्र पाहिले की त्या प्राण्याचा आवाज काढायचा; आवाज निघाला की तोच त्या अक्षराचा उच्चार. कमळ झाकले की ‘क’ हरवतो, तसे इथे होत नाही, कारण सापाचे चित्र झाकले तरी ‘स्‌ऽस्‌ऽ’ मुलाच्या तोंडात राहिलेला असतो.

अर्थात आपल्याकडे ही युक्ती जशीच्या तशी लागू पडेल असे मला वाटत नाही. रोमन लिपीत अक्षराचे नाव एक आणि उच्चार दुसरा. ‘एस’ म्हणायचे आणि ‘स’ वाचायचे. आपली वर्णमाला ध्वनींचीच आहे, ‘क’ला ‘क’च म्हणतात. हा लाभ आपल्याला आयता मिळाला आहे. आपली अडचण पुढे आहे, काना-मात्रा-वेलांटीत आणि जोडाक्षरांत, आणि तिथे कोमेनियस मदतीला येत नाही. तरीही मी मावशीला हा प्रकार सांगितला. तिने दुसऱ्या दिवशी तक्ता उतरवला नाही. पण ‘म’ शिकवताना हंबरणारी गाय केली, ‘म्‌ऽऽ’ करून. वर्गाने ती गाय दिवसभर चालवली.

प्रस्तावनेत कोमेनियसने या पुस्तकाचा उपयोग सांगितला आहे तोही पाहावा. मुलाला शाळेत घालण्याआधीच हे पुस्तक त्याच्या हाती द्यावे, त्याला मनसोक्त चित्रे पाहू द्यावीत. मग हळूच विचारावे, हे काय, ते काय. चित्रे पाहून मुलांना स्वतःच्या हाताने ती काढू द्यावीत. आणि जिथे शक्य असेल तिथे चित्रावर न थांबता खरी वस्तू दाखवावी. दुर्मिळ वस्तू शाळेने जमवून ठेवाव्यात. चित्र ही वस्तूची जागा घेणारी गोष्ट नाही, वस्तू हाताशी नसेल तेव्हाची सोय आहे, हे चित्रांच्या पुस्तकाचा कर्ताच सांगतो. महागडे तक्ते आणून ते कपाटात जपून ठेवणाऱ्या शाळांनी हे वाचायला हवे.

हे पुस्तक छापून येण्याआधी दोन वर्षे त्याच्यावर आणखी एक आपत्ती कोसळली होती, आणि तिला तो स्वतःही थोडा कारण झाला होता. १६५४ साली तो लेश्नोला परतला. पुढच्याच वर्षी स्वीडनचा राजा कार्ल गुस्ताव पोलंडवर चालून आला. कोमेनियसने त्याची स्तुती करणारी पुस्तिका लिहिली. ज्या देशाने अठ्ठावीस वर्षे आसरा दिला त्याच्यावर चालून आलेल्या राजाची स्तुती! १६५६ च्या एप्रिलमध्ये पोलिश सैन्याने लेश्नो जाळले. घर, ग्रंथसंग्रह, आणि विद्यार्थिदशेपासून चाळीसहून अधिक वर्षे जमवलेल्या चेक-लॅटिन शब्दकोशाचे हस्तलिखित जळून गेले. आयुष्याच्या शेवटापर्यंत त्याला सर्वांत जास्त हळहळ वाटत राहिली ती या कोशाची. त्याचे चरित्रकार हा प्रसंग हलक्या हाताने उरकतात. तसे करू नये असे मला वाटते. मायदेशी परतण्याच्या ध्यासापायी त्याने अनेक खोट्या आशांवर भरवसा ठेवला. शत्रुराजवट लवकरच बुडणार असे भविष्य वर्तवणाऱ्या काही भोंदू म्हणा, भ्रमिष्ट म्हणा, माणसांची भाकिते त्याने १६५७ साली स्वतः छापून प्रसिद्ध केली. मुलाला डोळ्यांनी पाहा आणि मग मान असे शिकवणारा हा माणूस स्वतःच्या देशाची गोष्ट निघाली की न दिसणाऱ्यावर विश्वास ठेवून बसे. निर्वासिताचे मन आपण घरात बसून जोखू नये हेही खरे.

जळलेल्या लेश्नोतून तो ॲम्स्टरडॅमला आला. तिथे डी गेर या धनिक घराण्याने त्याला शेवटपर्यंत सांभाळले आणि त्याच्या शिक्षणविषयक लेखनाचे मोठे खंडही १६५७-५८ मध्ये शहराच्या आश्रयाने निघाले. विद्वानांसाठी ते खंड होते. पण फिरले ते चित्रांचे पुस्तक. १६५९ सालीच चार्ल्स हूल या लंडनच्या शिक्षकाने त्याचे इंग्रजी केले. देशोदेशी नव्या आवृत्त्या निघत राहिल्या. पोशाख बदलले, अवजारे बदलली तसतसे ठसेही नवे कोरले गेले. अठराव्या शतकात फ्रांकफुर्टच्या एका सुखवस्तू घरात लहानगा गटे हेच पुस्तक चाळत बसे. मुलांसाठी म्हणून मुद्दाम केलेली पुस्तके तेव्हा याखेरीज फारशी नव्हतीच, असे त्याने आत्मचरित्रात नोंदवले आहे. १८१० साली ते न्यूयॉर्कमध्येही छापले गेले.

१५ नोव्हेंबर १६७० रोजी ॲम्स्टरडॅममध्ये कोमेनियसचा अंत झाला. नार्डेन या जवळच्या गावी एका लहान चर्चमध्ये त्याला पुरण्यात आले. त्याच्या जन्मदिवशी, २८ मार्चला, आज त्याच्या मायदेशी शिक्षकदिन पाळतात आणि तिथल्या दोनशे कोरुनांच्या नोटेवर त्याचे चित्र आहे. मात्र ज्या भाषेत त्याने बाळांच्या आयांसाठी पहिली पुस्तिका लिहिली, ज्या भाषेचा कोश त्याच्या डोळ्यांदेखत गेला, त्या भाषेतले शब्द ‘ऑर्बिस पिक्टस’च्या चित्रांखाली छापलेले त्याला पाहायला मिळाले नाहीत. लॅटिन, जर्मन आणि हंगेरियन यांच्या जोडीला चेक असलेली चार भाषांची आवृत्ती लेव्होचा या गावी निघाली ती १६८५ साली, त्याच्या मृत्यूनंतर पंधरा वर्षांनी.